गुंतवळाचा हिशेब



या महिन्याच्या टपालात वांकिडीहून आलेले एक चार पानी पत्र होते. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. पलीकडचा राजुरा तालुकाही एके काळी आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता आणि १९५९ साली तो चांदा जिल्ह्यात गेला. त्यामुळे या भागातील कित्येक मराठी घरांची एक पाती सरहद्दीच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे राहिली आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनीचे माहेर तसेच पलीकडे आहे, आणि त्यांच्या पत्रातील अर्धी भीती माहेरच्याच वाटेने आलेली आहे.

त्यांचे नाव येथे देत नाही. मजकूर थोडक्यात असा : वय चौतीस, घरी कापसाची शेती, दोन मुले. सासरे अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले होते. ज्येष्ठापासून त्यांची सारी शुश्रूषा या सुनेने केली. श्रावणात ते गेले. दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच भाद्रपदात या बाईंना ताप आला आणि तो बारा दिवस हटला नाही. त्यातून त्या उठल्या, कापसाच्या वेचणीला उभ्या राहिल्या, घर पुन्हा मार्गी लागले. आणि मार्गशीर्षात, सारे काही निवळले असताना, केस गळू लागले. फणीत केस, उशीवर केस, न्हाणीच्या मोरीत केसांचा बोळा. केसांवर भांडी देणारा फेरीवाला दारी आला तेव्हा सासूबाईंनी साठवलेले गुंतवळ बाहेर काढले, तर एरवी वर्षाचे साठते तेवढे दीड महिन्यात जमलेले! त्या दिवशी या बाई घाबरल्या.

पुढे त्या लिहितात : “कानशिलांवर तर कातडी दिसते. मागे मात्र वेणी अजून हातात येते. सासूबाई म्हणतात, बोअरच्या पाण्याने झाले. शेजारच्या काकू म्हणतात, दृष्ट लागली. माझी बहीण बुलढाण्याकडे दिलेली आहे. ती फोनवर रडते, की तिकडे गावेच्या गावे टकली झाली, तुझेही तसेच होणार. दुःखाच्या दिवसांत एक केस गळाला नाही आणि आता मन शांत झाल्यावर का गळावा? आणि गळायचाच तर कानशिलांवरचाच का? घरात एवढे मोठे माणूस गेले आणि मी केसांसाठी रडते, याची लाजही वाटते.”

या भगिनीने दोन प्रश्न विचारले आहेत : ‘आत्ताच का?’ आणि ‘तेथलेच का?’ केस गळण्याच्या तक्रारीत वैद्याने विचारायचे तेही हेच दोन प्रश्न होत. कधीपासून, आणि कोठून. या दोहोंची उत्तरे नीट मिळाली, तर निम्म्याहून अधिक निदान औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वीच होते. म्हणून या महिन्याचे सदर या पत्राच्या उत्तरासाठी देत आहे. असे पत्र न लिहिता मनातल्या मनात कुढणाऱ्या भगिनी हैदराबादपासून इंदूर-बडोद्यापर्यंत आपल्या घराघरांत असतील, याची मला खात्री आहे.

प्रथम ‘आत्ताच का?’ याचा विचार करू.

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आटोपते आणि तो सुमारे तीन महिने आपल्या मुळाशी नुसता टिकून राहतो. त्यानंतर तो गळतो व त्याच जागी नवा उगवतो. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि त्या दिवशी जुना गडी जातो, नवा येतो. डोक्यावरच्या प्रत्येक केसाचा पाडवा मात्र वेगळा. म्हणूनच पशूंची लव ऋतुमानानुसार एकदम झडते तसे आपले होत नाही. आपले केस रोज थोडे थोडे जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

हिशेबच करून पाहा. निरोगी डोक्यावर शंभरातले सुमारे दहा केस कोणत्याही वेळी विश्रांतीत असतात. म्हणजे लाखात दहा हजार. ते दहा हजार केस सुमारे शंभर दिवसांत गळायचे, म्हणजे रोजचे शंभर. ही झाली नेहमीची गळती. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या बाईच्या हाती न्हाण्याच्या दिवशी तीन-चारशे केस आले, तरी ते पुष्कळदा साठलेलेच असतात.

आता शरीरावर मोठा आघात झाला, असे समजा. दीर्घ ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, रक्तस्राव, उपासमार, किंवा मनाला हादरवून टाकणारे दुःख. अशा वेळी शरीर आपली शक्ती जीव वाचवण्याकडे वळवते. केस वाढवणे हे त्याच्या दृष्टीने चैनीचे काम, ते थांबते. ज्यांचे साल अजून दोन-चार वर्षे चालायचे होते असे हजारो केस एकदम आपले काम आटोपते घेतात. जणू हजारो सालगड्यांचा पाडवा एकाच दिवशी येतो! विश्रांतीतील केसांचे प्रमाण दहावरून तिसापर्यंत जाते. पण ते त्या दिवशी गळत नाहीत. ते पुढचे दोन-तीन महिने आपल्या जागी राहतात आणि मग सारे मिळून जातात. रोजच्या शंभराचे तीनशे होतात.

फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराचे नीट वर्णन करून त्याला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ असे नाव दिले. टेलोजेन म्हणजे केसाची विश्रांतीची अवस्था. तिच्यातील केसांचा हा लोंढा. कोविडच्या २०२० आणि २०२१ मधील लाटांनंतर हा प्रकार घरोघरी दिसला. ताप जाऊन माणूस हिंडूफिरू लागले, की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागत, आणि तापाशी त्याचा संबंध कोणी जोडत नसे. बाळंतिणीचेही तेच. गरोदरपणी केसांची वाढ लांबते, गळती थांबते; प्रसूतीनंतर ती सारी उधारी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदम वसूल होते.

मनाच्या ताणाचा केसांशी संबंध कसा पोहोचतो, यावर अलीकडे चांगला प्रकाश पडला आहे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की दीर्घकाळ ताण असला म्हणजे मूत्रपिंडावरील ग्रंथींतून पाझरणारे संप्रेरक केसांच्या मुळाशी असलेल्या पेशींवर परिणाम करते. त्या पेशींकडून एरवी सुटणारा ‘वाढीला लाग’ हा रासायनिक निरोप त्यामुळे थांबतो आणि केसांची मुळे विश्रांतीतच पडून राहतात. उंदराचे सारे माणसाला लागू करता येत नाही. तरी ‘मनाचा केसांशी काय संबंध?’ असे आता कोणा वैद्याने हसून म्हणू नये, एवढे यातून निश्चित झाले आहे.

तेव्हा ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. तुमचे केस मार्गशीर्षातल्या कोणत्याही कारणाने गळत नाहीत. ते श्रावण-भाद्रपदातच सुटलेले होते. हाती आता आले. ज्या दिवसांत तुम्ही रात्रीचे जागून सासऱ्यांची कूस पालटत होता आणि ज्या बारा दिवसांत तुमच्या अंगात ताप होता, त्या दिवसांची ही नोंद आहे. केस गळू लागले की आपण कालपरवाचे पाणी, काल बदललेला साबण, परवा खाल्लेली वांगी यांत कारण शोधतो. शोधायचे ते तीन महिने मागे जाऊन.

आता दुसरा प्रश्न : ‘तेथलेच का?’

डोके हे एकच शेत दिसले तरी त्यात जमिनीचे निरनिराळे तुकडे आहेत. कपाळाच्या कडेचे व कानशिलांवरचे केस मुळातच बारीक, आखूड व विरळ असतात. मागच्या बाजूचे केस दाट व चिवट असतात. माथ्यावरचे, म्हणजे भांगापासून शेंडीच्या जागेपर्यंतचे केस काही घराण्यांत आनुवंशिक संस्कारामुळे पुरुषी संप्रेरकाला बळी पडतात. मागचे पडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइच यांनी १९५९ साली हे मोठ्या खुबीने सिद्ध केले. त्यांनी मागच्या बाजूची केसांसह कातडी काढून टकलाच्या जागी लावली; ते केस नव्या जागी जाऊनही आपला मूळचा गुण सोडीनात, गळेनात. केसांच्या रोपणाची आजची सारी शस्त्रक्रिया या एका निरीक्षणावर उभी आहे.

ताणाने किंवा तापाने होणारी गळती ही सर्व डोक्यावरची असते, हे तिचे पहिले लक्षण. ती मागूनही होते, पुढूनही होते. परंतु दाट जंगलातली शंभर झाडे गेली तर दिसत नाहीत. बांधावरची दहा गेली तर बांध उघडा पडतो. डोक्यावरचे चौथा हिस्सा केस जाईपर्यंत विरळपणा सहसा डोळ्यांना दिसत नाही. कानशिलांवर मुळातच भांडवल थोडे, म्हणून तोटा तेथे आधी दिसतो. शिवाय आरशात आपल्याला दिसतात ती कानशिलेच. मागचे डोके कोण पाहतो? ताई, तुमची वेणी मागे हातात येते खरी, पण ती पूर्वीएवढी जाड आहे काय, हे एकदा मनाशी पाहा. फीत बांधताना पूर्वी दोन वेढे बसत असतील तर आता तीन बसतात, असेच बहुधा आढळेल.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. डोके एक दिवस धुवू नये. मग पुढचा भाग, टाळू, कानाच्या वर आणि मानेच्या वर अशा चार ठिकाणी साठेक केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढावी. हिसका देऊ नये. प्रत्येक ठिकाणी सहाहून अधिक केस हाती आले, तर गळती साऱ्या डोक्याची आहे. गळालेला केस उजेडात धरून पाहावा. त्याच्या मुळाशी पांढरा बारीक मणी असेल तर तो विश्रांतीतून गळालेला केस. मणी नसेल आणि टोक तुटके असेल, तर तो गळालेला नव्हे, मोडलेला केस. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात आणि मध्येच मोडतात. ते मुळातून सुटत नाहीत. तेव्हा सासूबाईंच्या तक्रारीत अगदीच तथ्य नाही असे नव्हे. पण मुळाशी मणी असेल, तर पाण्याला दोष देता येणार नाही.

गळतीची जागा वेगळी असली की कारणही वेगळे असते. ते ओळखता यावे म्हणून प्रत्येक घराने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

भांग वर्षागणिक रुंद होत चालला आहे, टाळू विरळ झाला आहे, पण कपाळाची कड जागच्या जागी आहे, असे असेल तर तो स्त्रियांतील आनुवंशिक विरळपणा. जर्मनीचे डॉ. लुडविग यांनी १९७७ साली त्याच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. पुरुषांत याउलट कपाळाचे कोपरे आत जातात आणि शेंडीची जागा उघडी पडते. ताणाने सारे केस गळतात तेव्हा हा दबून राहिलेला विरळपणा पुष्कळदा उघडकीस येतो. मागचे केस भरून येतात, पण माथ्यावरचे बारीक होऊन परततात आणि सारा दोष त्या एका तापावर जातो. यावर लावण्याची औषधे आहेत. मात्र ती वैद्याच्या सल्ल्याने व चिकाटीने घ्यावी लागतात, आणि आरंभी त्यांनी गळती थोडी वाढतेही. हे आधी सांगितले नाही तर माणसे घाबरून औषध सोडतात.

रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा अचानक पडला, तर ती चाई. शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते, तेव्हा ती होते. ती दाढीतही होते. ती कीड नव्हे आणि संसर्गजन्य नव्हे. तिच्यावर जळजळीत पदार्थ चोळून कातडी सोलवटून घेणे हा आपल्याकडील अघोरी प्रकार बंद झाला पाहिजे. लहान मुलाच्या डोक्यावर खपली धरलेला, खाजणारा आणि तुटक्या केसांचा चट्टा असेल, तर तो बहुधा बुरशीचा. तो मात्र एकाच्या फणीवरून दुसऱ्याला होतो व त्याला पोटातून औषध लागते.

केवळ कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस मागे हटले असतील, तर केशरचनेकडे पाहावे. घट्ट ओढून घातलेल्या वेण्या, रोजचा आवळ अंबाडा, त्यावर लोंबणारे जड गजरे यांनी त्या कडेचे केस वर्षानुवर्षे ओढले जातात आणि अखेर मुळेच मरतात. शाळकरी मुलींच्या वेण्या घालताना आयांनी हात सैल ठेवावा. मुलगी “दुखते” म्हणाली, तर ते नखरे समजू नयेत.

राहिली बुलढाण्याची भीती. ही गोष्ट खरी आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील अनेकांचे केस भराभर गळाले. आधी डोके खाजे, मग केस नुसता हात लावताच हाती येत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. बाधितांत स्त्रिया होत्या, पुरुष होते, शाळकरी मुलेही होती. आरंभी पाण्याचा आणि बुरशीचा संशय घेतला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथकही तेथे गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी सर्वपरिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः त्या गावांत जाऊन रक्त, लघवी, केस व गहू यांची तपासणी करवून घेतली. बाधितांच्या शरीरात सेलेनियम हे मूलद्रव्य फार वाढलेले आणि जस्त कमी झालेले त्यांना आढळले. स्वस्त धान्य दुकानातील गव्हात सेलेनियम जास्त होते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पुढे काहींची नखेही गळाली. सेलेनियमच्या विषबाधेत केसांबरोबर नखे जातात, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे.

ताई, तुमचे आणि त्या गावांचे दुखणे यांतला फरक पाहा. तिकडे दिवसांत गळाले, तुमचे महिन्यांनी गळू लागले. तिकडे एका गावात, एका घरात अनेकांचे गेले, तुमच्या घरी तुमचेच. तिकडे टक्कल पडले. ताणाच्या गळतीत पूर्ण टक्कल सहसा पडत नाही. केस इतक्या वेगाने जातात तेव्हा कारण बहुधा विषारी द्रव्याचे किंवा कर्करोगावरील औषधासारख्या तीव्र औषधाचे असते, मनाच्या ताणाचे नव्हे. तुमच्या बहिणीला हे कळवा, म्हणजे तिचे रडणे थांबेल. आणि त्या गावांविषयीही एक गोष्ट बोलली पाहिजे. केसांच्या गळतीपेक्षा भोवतालच्या लोकांच्या भीतीने तेथील माणसे अधिक पोळली. सोयरीक टाळणे, जवळ बसू न देणे, असे प्रकार ऐकू आले. विषबाधा काही शेजाऱ्यापासून शेजाऱ्याला होत नाही!

येथवर वाचून कोणाला वाटेल, की मग ताणाची गळती म्हणजे काहीच नव्हे. आपोआप थांबेल, स्वस्थ बसावे. येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवीत असताना एक शिक्षिका केस गळण्याची तक्रार घेऊन आल्या. त्यांचा भाऊ काही महिन्यांपूर्वी अपघातात गेला होता. मी डोके पाहिले. गळती सर्वत्र होती. मी म्हटले, “बाई, दुःखाने झाले आहे, सहा महिन्यांत केस येतील.” माझे निदान पुस्तकाबरहुकूम होते. बाई नमस्कार करून गेल्या. आठ महिन्यांनी त्या पुन्हा आल्या त्या जिना चढताना धाप लागते म्हणून. तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा होते. मासिक पाळीत दोन वर्षे अति रक्तस्राव होत होता. ते मी विचारले नाही आणि संकोचाने त्यांनी सांगितले नाही. एक दुःख समोर दिसले म्हणून मी दुसरे कारण शोधायचे थांबलो होतो. केसांनी आठ महिने आधी इशारा दिला होता. तो मी वाचला, पण अर्धाच.

तेव्हापासून मी नियम केला. केस सर्वत्र गळत असतील तर दुःखाची चौकशी करावीच. पण त्याबरोबर पाळी, भूक, वजन, झोप, थंडी न सोसणे, नव्याने चालू झालेली औषधे यांचीही करावी. हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी आणि थायरॉईडची तपासणी एवढ्या तीन गोष्टी करून घ्याव्यात. वांकिडीच्या भगिनीला दूर जाण्याची गरज नाही. आसिफाबादला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणीपूर्वी काही दिवस केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. त्यांमुळे थायरॉईडच्या तपासणीचा निकाल चुकीचा येऊ शकतो. कातडीवर व्रण, पू किंवा खपल्या असतील, किंवा गळालेल्या जागेची कातडी चकाकती व छिद्रहीन दिसत असेल, तर विलंब न लावता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. कारण तेथे मुळेच नष्ट होत असतात व गेलेले परत येत नाहीत.

सहा महिन्यांहून अधिक काळ गळती चालूच राहिली, तर तिला जुनाट म्हणावे. तीस ते साठ या वयाच्या स्त्रियांत ती आढळते आणि तिच्यात दोन्ही कानशिले विशेष उघडी पडतात. तीही टक्कल आणीत नाही, पण वैद्याला दाखवावी.

आता तेलांविषयी. खोबरेल, तीळ, माका, ब्राह्मी, जास्वंद यांची निंदा मी करणार नाही. तेलाने केस मऊ राहतो, गुंतत नाही, मोडत नाही. परंतु विश्रांतीत गेलेल्या केसाला तेल थांबवू शकत नाही. मग बाजारातल्या प्रत्येक तेलाला ‘गुण’ कसा येतो? पाहा : केस गळू लागले, की पहिला महिना आपण घाबरण्यात घालवतो, दुसऱ्यात पाणी व साबण बदलतो, तिसऱ्यात कोणीतरी सांगितलेले महागडे तेल आणतो. तोवर गळतीची मुदतच भरत आलेली असते. ती थांबते आणि श्रेय तेलाला जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! हजारो रुपये असे केवळ मुदतीच्या जोरावर कमावले जातात.

त्यापेक्षा ताटाकडे लक्ष द्यावे. केस हा मुळात प्रथिनांचा तंतू आहे. तूर, मूग, हरभरा, शेंगदाणे, दूध, खात असाल तर अंडी. लोहासाठी हिरव्या पालेभाज्या, तीळ आणि आपल्या आज्या बाळंतिणीला देत ते हळिवाचे लाडू. जेवणाबरोबर लिंबाची फोड किंवा आवळा असू द्यावा, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने ते अडते. दुखवट्याच्या दिवसांत घरातली सून सर्वांना वाढून उरले-सुरले खाते आणि वर उपासही धरते. केसांवर जेवढा घाव शोकाचा असतो तेवढाच त्या अर्धपोटी दिवसांचाही असतो.

ताई, पुढे काय होईल तेही सांगतो. गळती सुरू झाल्यापासून तीन ते सहा महिन्यांत ती ओसरते. साधारण होळीच्या सुमारास कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर बोटभर लांबीचे, उभे राहणारे, विंचरले तरी न बसणारे केस दिसू लागतील. त्यांना चापून तेल लावून बसवू नका. ती नव्या पिकाची उगवण आहे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून वेणीला पूर्वीची जाडी यायला वर्ष-दीड वर्ष लागेल. तोवर फणी हलक्या हाताने फिरवा, ओले केस विंचरू नका, आणि गुंतवळ रोज मोजू नका. मोजण्याने केस कमी गळत नाहीत, झोप मात्र जाते.

शेवटी तुमच्या लाजेविषयी. घरात मोठे माणूस गेले असताना केसांसाठी रडू येते, यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या समाजाने स्त्रीच्या केसांना तिच्या सौभाग्याशी आणि प्रतिष्ठेशी इतके बांधून ठेवले आहे, की एके काळी पतीच्या निधनानंतर काही जातींत तिचे केसच काढीत. तो दुष्ट प्रकार गेला. पण केस गेले म्हणजे आपले काही चुकले, ही भावना मनातून अजून गेलेली नाही. तुमचे काही चुकलेले नाही. तुम्ही तीन महिने एका आजारी माणसासाठी झिजलात, आणि घराने ते कर्तव्य म्हणून मानून घेतले. कोणी “तू दमलीस का गं?” असे विचारल्याचे तुमच्या चार पानांत कोठे आढळले नाही.

आणि एक विनंती. तुमच्या सासूबाई पाण्याला दोष देतात, गुंतवळ साठवतात, एवढेच तुम्ही त्यांच्याविषयी लिहिले आहे. श्रावणात त्यांचा जोडीदार गेला. एखाद्या दुपारी त्यांच्याही डोक्याला तेल लावून फणी फिरवून पाहा. तुमच्याएवढेच केस त्यांच्याही फणीत येत असतील आणि त्या वयामुळे ते कोणाला सांगत नसतील, असा माझा अंदाज आहे. तसे आढळले तर हा अंक त्यांनाही वाचून दाखवा, आणि तपासणीला आसिफाबादला जाल तेव्हा दोघी मिळून जा.

फाल्गुनात पुन्हा पत्र लिहा. कानशिलांवर उगवण दिसली की नाही, ते कळवावे.